उजेडाला धरलेलं पान

काल शेवटची आगबोट गेली. आता नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडून रत्नागिरीत कोणी येणार नाही आणि कोणी जाणारही नाही. मी मांडवी बंदरावर तिचा धूर दिसेनासा होईपर्यंत उभी होते, आणि गंमत म्हणजे त्या आगबोटीत माझं कोणीच नव्हतं. मुंबईला परत निघालेले चाकरमानी होते, आंब्याच्या करंड्या होत्या, कोणाचा तरी फणस होता. आगबोट उभी राहते खोल पाण्यात, तिथवर माणसं पोचवायची ती पडावातून, आणि तो पडाव माझ्या बाबांचा. शेवटची माणसं चढवून बाबा रिकामा पडाव घेऊन किनाऱ्याला लागले. "झाला गो बाय यंदाचा कारभार," म्हणाले, आणि वल्हं खांद्यावर टाकून घराकडे चालू लागले. दर वर्षी हेच म्हणतात, आणि दर वर्षी मी आणखी एकदा वळून समुद्राकडे बघते. पाच वर्षं झाली, तरी.

आणि यंदा तर पत्र आलंय! पण पत्राचं मागाहून सांगते. आत्ताच सांगितलं तर बाकीचं राहून जाईल. माझं नेहमी असंच होतं, हात पुढे पळतात आणि मी मागून धावत जाते. हे मी पेनने लिहितेय म्हणून बरं. मशीनवर असते तर एव्हाना शेवटाला पोचले असते. देवनागरीची टाइपरायटरं निघाली आहेत म्हणे मुंबईला, आमच्याकडे आहे ते इंग्रजी, आणि तेही माझं नव्हे. डोराताईचं.

डोराताईला पहिल्यांदा बघितलं ते अशाच मे महिन्यात. मांडवीवर मी बाबांची भाकरी घेऊन उभी होते आणि पडाव येत होता. पडावात एक बाई. अंगावर साडी, पण पायात बूट, डोक्यावर चक्क टोपी, आणि मांडीवर एक लाकडी पेटी. पडाव वाळूला टेकायच्या आधी उडी मारून उतरावं लागतं, म्हणून बाबा म्हणाले, "बाय, ती पेटी दे हिकडं, पडशील." तर ती बाई पेटी आणखी घट्ट धरून म्हणते, "मी नाय पडणार. मी खलाशाचा पोर हाय!"

अख्खा पडाव हसला. बाबा तर इतके हसले की वल्हं सुटलं हातातून. पण ती पडली नाही. पेटीसकट उडी मारली आणि गुडघाभर पाण्यातून बूट घालून तरातरा चालत आली.

पुढे कळलं ते असं. आमच्या शेजारच्या गंगाकाकींचे एक धाकटे दीर तरुणपणी जहाजावर खलाशी म्हणून गेले आणि आफ्रिकेत डर्बनला उतरले ते तिथलेच झाले. ही त्यांची मुलगी. नाव द्वारका, पण तिथे शाळेत, हपिसात सगळे डोरा म्हणायचे. आई लहानपणीच गेलेली. बोलणं-लिहिणं सगळं इंग्रजीत, स्वप्नंसुद्धा इंग्रजीत पडायची म्हणे. मराठी ती शिकली फक्त वडिलांकडून. तेव्हा तिची मराठी म्हणजे एका म्हाताऱ्या खलाशाची मराठी! मी जातो, मी जेवलो, मी थकलो. जोर लावायचा असला की "हबेस!" आणि सोडून द्यायचं असलं की "आरिया!" जहाजावर दोर ओढताना आणि ढिला करताना ओरडतात ते. ती भात वाढतानासुद्धा आरिया म्हणायची.

तिथे ती गोदीतल्या एका हपिसात टाइप करायची. मग तिथे गोऱ्यांना आधी काम द्यायचं असं ठरलं आणि हिची जागा गेली. त्याच वर्षी वडील गेले. वडिलांनी जन्मभर सांगितलेलं, रत्नागिरीला आपलं घर आहे, दारात रातांब्याचं झाड आहे, लोक चांगले आहेत. म्हणून ती आली. तिशीची बाई, कधी न बघितलेल्या गावाला परत आली. परत म्हणायचं का ह्याला? मला अजून कळत नाही.

गंगाकाकींनी तिला पडवी दिली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ती पडवीच्या पायरीवर बसून, ओले बूट उलटे करून ठेवून, काकींना म्हणाली, "नारळी पौर्णिमेपर्यंत बघतो. आगबोटी सुरू होईपर्यंत मला काम मिळाला, तर मी हितंच ऱ्हाणार. नाय मिळाला तर पहिल्या आगबोटीनं मुंबई."

काकी म्हणाल्या, "अगो, बायकांना कसला काम मिळतोय हितं?"

"बघतो," डोराताई म्हणाली.

मी तेव्हा सतरा वर्षांची. इंग्रजी चौथी झाली होती आणि पुढे शिकायचं की नाही ह्यावर घरात कोणी काही बोलत नव्हतं, म्हणजे नाहीच. त्या दिवसापासून मी डोराताईच्या पाठीमागे. ती काम शोधायला निघाली की मी दुभाषी. खरं तर तिचं इंग्रजी मला कळायचं नाही, फार भराभर, फार गोल गोल. पण तिची मराठी मला कळायची आणि लोकांना कळायची नाही. ती सांगायची, मी सांगायची.

अजून डोळ्यांपुढे आहे ती पायपीट. जांभा तापलेला, करवंदांचा वास, आणि ही टोपीवाली पुढे. मुलींच्या शाळेत गेलो. हेडमास्तरीणबाईंनी चहा दिला, इंग्रजी ऐकून तोंडात बोट घातलं, आणि मग सर्टिफिकेट मागितलं. डर्बनचं सर्टिफिकेट बघून म्हणाल्या, "हे इथे चालेल का ते विचारावं लागेल." कोणाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग एका वकिलांकडे. त्यांनी एक नोटीस टाइप करून मागितली. डोराताईने उभ्या उभ्या करून दिली, तीन ओळी. वकिलांनी चष्मा लावून वाचली, काढून वाचली. "बाई, तुमचं इंग्रजी फार सरळ आहे," म्हणाले. "साहेबाला वाटेल आम्ही त्याला हुकूम करतोय."

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती रस्त्यात उभी राहून इतकी हसली! आणि मग वळून भाट्याच्या खाडीकडे बघत राहिली. "तिकडं मी काळा होतो," म्हणाली, "हितं मी सरळ हाय."

शेवटची आगबोट जायच्या आत तिने मुंबईच्या हपिसांना दहा अर्ज टाइप करून पाठवले. अर्ज सगळे एकच, वर पत्ता तेवढा वेगळा. मग आगबोटी बंद झाल्या, डाक आंबा घाटातून फिरून यायला लागली, जाऊन-येऊन आठ दिवसांचे बारा दिवस झाले. एकाही अर्जाला उत्तर नाही.

म्हणून मग पडवी. तिचा धंदा सुरू झाला तो असा, रिकामं बसवेना म्हणून. पेटीतून मशीन निघालं, गंगाकाकींच्या पाटावर बसलं. इंग्रजी अर्ज आणि पत्रं करून मिळतील, हे मी शेजारीपाजारी सांगून आले. मी सांगायला निघाले म्हणजे दुपारपर्यंत पेठकिल्ल्यापर्यंत गेलंच.

पहिली आली ती मिऱ्या गावची पारूबाय. तिचा नवरा जहाजावर, दिवाळीपासून पत्र नाही, माणूस आहे की नाही ते कळत नाही. ती पडवीत बसली आणि रडत रडत तासभर बोलली. मी सांगत गेले, डोराताई ऐकत गेली. मग मशीन खडखडलं. दोन ओळी. ह्या नावाचा खलाशी ह्या जहाजावर आहे, तो कुठे आहे ते त्याच्या बायकोला कळवा. संपलं.

पारूबायने कागद हातात घेतला. उलटा करून मागे बघितलं. मागे कोरा. "बाय," ती म्हणाली, "मी एवढी रडलंय, आन कागदावर एवढाच?"

कागद तिथेच ठेवून ती उठली आणि सरळ कचेरीसमोर अर्ज लिहिणाऱ्या भाऊंकडे गेली. आमच्याकडे अर्ज म्हणजे कागद वरपासून खालपर्यंत भरलेला हवा. भाऊ आधी अर्धं पान नुसते पाया पडायचे. परमनम्र, आज्ञाधारक, चरणरज. मग मजकूर एक ओळ, मग पुन्हा खालपर्यंत नमस्कार. आणि लोक तो कागद असा सांभाळून न्यायचे जसा देवाचा प्रसाद. त्यांच्यापुढे दोन ओळी म्हणजे फसवणूकच की! गावभर झालं, डर्बनवाली कागद अर्धा कोरा ठेवते. आठ दिवस पडवीत कोणी आलं नाही. आषाढाचा पाऊस मी म्हणत होता, आणि मशीनला गंज चढू नये म्हणून डोराताई त्याच्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून बसायची, आजाऱ्याला शेकावं तशी.

"मी भाऊंसारखं लिहायचा का?" तिने मला विचारलं. "पायाबिया पडायचा?"

मी म्हटलं, "पड की डोराताई, त्यात काय जातं?"

"नाय," ती म्हणाली. "तिकडं लई पडलो."

पण दुसऱ्या दिवशी काय केलं? पावसातून, बूट हातात घेऊन, मला बरोबर घेऊन ती मिऱ्याला पारूबायच्या घरी गेली. जमिनीवर बसली आणि म्हणाली, "सगळा सांग." पारूबाय बघतच राहिली. मग बोलायला लागली. डोराताई वहीत उतरवत होती. नवरा जाताना कोणता सदरा घालून गेला. धाकटा अजून बापाला ओळखत नाही. उत्तरेकडचं छप्पर गळतंय, तो असता तर शाकारून झालं असतं. सासू रोज संध्याकाळी बंदराच्या वाटेवर जाऊन बसते. पडवीत परत येऊन तिने हे सगळं इंग्रजीत टाइप केलं. पान वरपासून खालपर्यंत भरलं. एकही नमस्कार नाही. एका आगबोट कंपनीच्या साहेबाला, मुंबईला, पारूबायच्या छपराची उत्तर बाजू!

"हंबली नाय," डोराताई म्हणाली, हंबली म्हणजे इंग्रजीतलं परमनम्र, "पण सगळा."

पारूबायला तिने ते पान तिच्या त्या खलाशी मराठीत वाचून दाखवलं. पारूबाय ऐकता ऐकता म्हणाली, "हां. हां. आसाच. आसाच हाय." आणि पदराने कागद पुसला, कोरडा होता तरी.

त्यानंतर पडवी कधी रिकामी राहिली नाही. आता हे आठवताना मला काय काय ऐकू येतं! पागोळ्या. छत्र्या टेकवल्याचा आवाज. ओल्या इरल्यांचा वास. बायका बसल्या आहेत, कोणी सुके बांगडे आणलेत, कोणी भेंडी, कोणी कोकमाची सोलं. आणि मधेच ओळ संपली की मशीनची घंटा, टिंग! गंगाकाकी आधी त्या घंटेला वैतागायच्या, मग घरातून ओरडायला लागल्या, "झाली गो ओळ!" बाबांचं पावसाळ्यात काम नसतं, ते जाळं विणत पायरीवर बसायचे आणि म्हणायचे, "ही बाय पडवीत बसून आगबोट हाकते."

आणि शिकवणी! ती माझ्यापासून सुरू झाली. मग वकिलांचा पुतण्या आला, ते सरळ इंग्रजीला भिणारे वकील, त्यांचाच. मग आणखी दोघं. हातावर पंचा टाकायची, अक्षरं दिसू द्यायची नाही. बोटं चुकली की वरून टिचकी. "बघू नको. खलाशी दोर बघतो का? हाताला कळला पाहिजे." मला हाताला फार लवकर कळलं. इतकं लवकर की मी नुसती पळत सुटायची. श्वास घ्यायलासुद्धा थांबायची नाही, आणि वाक्य संपलं की फुलस्टॉप असा हाणायची की कागदाला भोक पडायचं! खरंच भोक. पान उजेडाला धरलं की चांदण्या. डोराताई ते पान डोळ्यांपुढे धरून त्या भोकांतून माझ्याकडे बघायची. "फुलस्टॉप म्हणजे खिळा नाय गो. हळू. आरिया."

सरावाला कोणता मजकूर द्यायचा? पुस्तक तर नव्हतं. तिने तो मुंबईला पाठवलेला अर्जच दिला. त्याची कार्बन प्रत तिच्याकडे होती. "दहा जणांनी वाचला नाय," म्हणाली, "तुमी तरी वाचा." तेव्हा आम्ही चौघं रोज तेच टाइप करत होतो. महाशय, मी डर्बनहून आले आहे, मला अमुक इतकी वर्षं अनुभव आहे, मी मिनिटाला अमुक शब्द करते. वर आजची तारीख आणि मुंबईच्या एका हपिसाचा पत्ता. चूक झाली की लाल पेन्सिल. आणि एकही चूक नसलेलं पान झालं तर? तर त्याच्या खाली डोराताई आपली सही करणार. तेच आमचं सर्टिफिकेट. तिला सर्टिफिकेटावरून परत पाठवलं होतं ना गावाने, म्हणून तिने स्वतःचं काढलं.

त्या सहीसाठी मी काय काय नाही केलं! बाकीच्यांची झोपायची दुपार असायची तेव्हा मी पडवीत. पाटावर, भाकरी थापताना परातीवर, आईच्या पाठीला तेल लावताना पाठीवरसुद्धा बोटं चालायची. आई म्हणायची, "अगो, पाठ हाय ती, पेटी नाय!"

त्याच दिवसांत डोराताईने रंगाऱ्याला बोर्ड करायला सांगितला. एवढं मोठं झालं माझ्या मनात! बोर्ड सांगितला म्हणजे ती राहणार. तिने तोंडाने काही म्हटलं नाही, पण गंगाकाकींना विचारलं, पडवी पुढच्या वर्षीही देशील का, आणि काकी म्हणाल्या, "मी काय बाजारात मांडलीय होय पडवी?" बोर्ड आला. निळ्यावर पांढरी अक्षरं, इंग्रजीत आणि मराठीत, मिस डी. सुर्वे, टाइपरायटिंग क्लास. पण पावसाळी हवा, रंग काही वाळेना. रोज मी जाऊन करंगळीने बघायची आणि रोज निळी करंगळी घेऊन परत यायची. डोराताई म्हणायची, "वाळला की लावूया." भिंतीला टेकवून ठेवलेला तो बोर्ड, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे असे बघत होतो जसे पोळीच्या तव्याकडे बघतात.

श्रावण लागायच्या आधी एक दिवस माझं पान बिनचूक झालं. लाल पेन्सिल वरून खाली फिरली आणि कुठेच टेकली नाही. डोराताईने पुन्हा वाचलं, भोकं चुकांत धरली नाहीत. मग पेन काढलं आणि खाली सही केली. डी. सुर्वे. पूर्ण, लांब, डर्बनची सही.

आता सांगते. पाच वर्षांत कोणालाच सांगितलं नाही.

ते पान घेऊन मी घरी गेले. आईला दाखवलं, ती म्हणाली, छान. बाबांनी उलटं धरून बघितलं. इंग्रजी कोणालाच येत नव्हतं! असं पान, एकही चूक नाही, आणि ते कोणी वाचणारच नाही? माळ्यावर टाकायचं, झुरळांनी खायचं? मला वाटलं, ज्याला इंग्रजी येतं अशा एका तरी माणसाने हे बघावं. पानावर पत्ता होताच. दहा अर्जांना उत्तर आलं नव्हतं, अकराव्याला कुठून येणार? मुंबईला अर्ज टाकणं म्हणजे समुद्रात टाकणं, असंच मला तेव्हा वाटायचं. त्या दिवशी पारूबायच्या शेजारणीची पत्रं पोस्टात टाकायला माझ्याकडेच होती. त्यांच्यातच ते टाकलं. पेटीत पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

ते पान म्हणजे अर्जच होता. वर पत्ता, तारीख, खाली खरी सही. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण पान इतकं सुंदर होतं!

श्रावणात ऊन पडायला लागलं. आणि एका सकाळी पोस्टमन दोन पाकिटं घेऊन आला. एक पारूबायचं, आमच्या पत्त्यावर. नवरा एडनला इस्पितळात होता, पाय मोडला होता, आता बरा आहे, पुढच्या जहाजाने येतो. आणि खाली साहेबाने आपल्या हाताने एक ओळ लिहिली होती, छप्पर तोवर कोणाकडून तरी शाकारून घ्या. डोराताई ते वाचून पडवीत नाचली. अक्षरशः, बूट घालून. मी मिऱ्याला पळत गेले आणि पळत आले. भाऊ कचेरीसमोरून विचारत होते, "काय गो, खरंच उत्तर आलं? काय लिहिलं होतंत एवढं?"

मी परत आले तेव्हा दुसरं पाकीट फोडलेलं होतं. डोराताई पायरीवर बसली होती. मुंबईच्या हपिसाने बोलावलं होतं. अर्ज फार स्वच्छ आहे, आगबोटी सुरू झाल्या की येऊन रुजू व्हावं. तिला वाटलं, मे महिन्यातल्या अर्जाचं उत्तर इतक्या उशिरा आलं, घाटातून फिरून.

तिने पत्र माझ्या हातात दिलं. "वाच," म्हणाली. "तुला काय वाटतं?"

इथेच मी थांबायला हवं होतं. आयुष्यात एकदा तरी. पण मी वाचलं, अर्ज फार स्वच्छ आहे, आणि माझ्या अंगातून असं काही सर्रकन गेलं! माझं पान! मुंबईच्या साहेबाला माझं पान आवडलं! मी उडीच मारली. "डोराताई! केवढं छान! जा, जा की!" असं म्हणाले. तोंडभर हसत म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बोर्डाकडे बघितलं. मग म्हणाली, "बरा. तू म्हणतेस तर जातो."

तिला वाटलं असणार, हिला आपण गेलेली हवी. ह्या गावात आपलं असं एक माणूस, तेसुद्धा जा म्हणतंय. हे मला कळलं तोवर संध्याकाळ झाली होती. चुलीपुढे बसले होते आणि एकदम कळलं. उठून पडवीत गेले, तर ती ट्रंक आवरत होती. सांगणार होते. तोंड उघडलं. ती म्हणाली, "तुझ्यासारखा हात मुंबईत कुणाचा नसेल. मशीन तुझ्याकडं ठेवून जातो. हपिसात असतात." आणि मी तोंड मिटलं.

नारळी पौर्णिमेला सगळ्या गावाने समुद्राला नारळ दिला. मी पण दिला. काय मागितलं ते सांगत नाही. पाचव्या दिवशी आगबोट आली. पारूबाय, शेजारणी, शिकवणीतली मुलं, अगदी भाऊसुद्धा मांडवीवर. गंगाकाकींनी तिच्या ओटीत नारळ घातला आणि म्हणाल्या, "पडवी हाय हां तिथंच." बाबांनी पडाव लावला. "मीच आणलाय हिला, मीच नेतंय," ते म्हणाले, कोणाकडे न बघता. ह्या खेपेला तिच्या मांडीवर पेटी नव्हती, म्हणून हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं. पडाव सुटायच्या वेळी तिने ओरडून मला विचारलं, "बोर्ड वाळला का गो?"

वाळला होता. त्याच सकाळी. करंगळीला काही लागलं नव्हतं.

मी ओरडून म्हटलं, "नाय अजून!"

ह्या पाच वर्षांत काय काय झालं. पारूबायच्या नवऱ्याने घराचं छप्पर शाकारलं आणि मग गंगाकाकींच्या पडवीचंही. शिकवणी मी चालवते. शिकायला तीन मुली येतात, दोन मुलगे. अर्जही करते, पान भरून, एकही नमस्कार न करता, आणि भाऊ आता त्यांच्याकडे आलेली जहाजावरची प्रकरणं स्वतः माझ्याकडे पाठवतात. गावात मला सगळे छोटी डर्बनवाली म्हणतात, मी तर जयगडच्या पुढे कधी गेले नाही! मशीनचा ई ओळीच्या थोडा वर बसतो, तिच्या वेळेपासूनच. तो मी सरळ करून घेतलेला नाही. बोर्ड पडवीवर लावलाय. मिस डी. सुर्वे. बायका विचारतात, ही कोण गो? मी म्हणते, बाई. मुंबईला असतात.

तिची पत्रं यायची, दिवाळीला एक, मे महिन्यात एक, तिच्यासारखीच दोन ओळींची. काम बरं आहे. खोलीतून समुद्र दिसत नाही. मी पण लिहायची, सगळं ठीक. ती कधी येते असं लिहायची नाही आणि मी कधी ये असं लिहायची नाही. कोणत्या तोंडाने लिहू? ज्या वर्षी मला कोणी काही विचारत नव्हतं, त्या वर्षी तिने मला रोज काहीतरी विचारलं. आणि जेव्हा खरंच विचारलं, तेव्हा मी माझ्या पानावर खूश होते.

परवा पत्र आलं. शेवटच्या आगबोटीच्या आधीचं शेवटचं. ह्यात ओळी तीन.

हपिसातल्या जुन्या फायली काढल्या, त्यात माझा अर्ज सापडला. ई वर बसलाय, तेव्हा मशीन माझंच. मी तो खिडकीशी धरला, आणि सगळ्या फुलस्टॉपांतून उजेड आला.

बस. रागावली आहे का, हसतेय का, काही नाही. खाली तीच लांब सही. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. काल मांडवीवर धूर बघत उभी होते तेव्हाही कमरेला होतं. वाटत होतं, आत्ता, ह्याच आगबोटीत चढावं, जाऊन तिच्यासमोर उभं राहावं. पण बाबा पडाव घेऊन परत आले, कारभार झाला म्हणाले, आणि मी त्यांच्यामागून घरी आले.

आज सकाळी पडवीत बसले. शिकवणीच्या मुलांना म्हटलं, आज सुट्टी. शेगडी पेटवली, मशीनखाली ठेवली. कागद चढवला आणि लिहिलं. हंबली नाही, पण सगळं. पान मीच पोस्टात टाकलं ते. मी जा म्हणाले तेव्हा कशाला हसत होते ते. बोर्ड त्या सकाळीच वाळला होता, मी खोटं बोलले ते. काकींचे गुडघे धरलेत, आणि त्या अजून घंटा वाजली की ओरडतात ते. रातांब्याला यंदा फार फळं लागली, सोलं वाळत घालायला जागा पुरली नाही. पारूबायचा धाकटा आता बापाच्या खांद्यावरून उतरत नाही. पडवी तिथेच आहे. नारळी पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी बाबा पडाव घेऊन जातील, आणि मी भाकरी घेऊन मांडवीवर असेन. तू ये. ये हे मी पाच वर्षांत पहिल्यांदा लिहिलं.

पान भरलं. खाली सही केली, ह्या वेळी माझी. मग सवयीने पान उजेडाला धरलं. मी फार हळू मारले होते, तिने शिकवले तसे, तरी दोन-चार ठिकाणी भोकं पडलीच होती.

दुसरं पान काढणार होते. मग राहू दिलं, आणि तेच घेऊन भर पावसात पोस्टात गेले.